मुंबईची तऱ्हा

साडी ही भारतीय स्त्रीची सनातन वेषभूषा, असे आपण गृहीत धरून चालतो. कापडापुरते ते खरेही आहे. न शिवलेले लांब वस्त्र अंगाभोवती घेण्याची रीत या देशात फार प्राचीन. परंतु आज दिल्लीच्या कचेरीत, कलकत्त्याच्या ट्राममध्ये किंवा इंदूरच्या एखाद्या लग्नमंडपात जिला आपण सहजपणे साडी म्हणतो, ती आत परकर, अंगात पोलके आणि खांद्यावर चापून बसवलेला पदर अशी सारी सिद्धता घेऊन येते. ही सिद्धता सनातन नाही. तिच्या घडणीतला एक मोठा टप्पा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतला असून त्याचे साल, स्थळ आणि व्यक्ती आपल्याला ठाऊक आहेत. स्थळ मुंबई, साल १८६४, आणि व्यक्ती म्हणजे जेसोर जिल्ह्यात जन्मलेली, अवघी चौदा वर्षांची एक बंगाली सून.

ज्ञानदानंदिनी देवी हे तिचे नाव. १८५९ साली ती कलकत्त्याच्या जोडासांको येथील ठाकुरांच्या वाड्यात सून म्हणून आली. महर्षी देवेंद्रनाथ हे तिचे सासरे आणि सत्येंद्रनाथ हे पती. रवींद्रनाथांचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला, म्हणजे त्या जगद्विख्यात दिराला तिने पाळण्यात पाहिले होते. वाडा ब्राह्म मताचा आणि सुधारलेला खरा, पण त्याची सुधारणा दिवाणखान्यातच संपत असे. अंतःपुराचा उंबरठा सुना-मुलींनी ओलांडायचा नाही, गंगास्नानाला जायचे तर मेण्यासकट पाण्यात बुडवून आणायचे, हा त्या काळच्या बड्या घरांचा शिरस्ता होता. तरुण सत्येंद्रनाथांना हे सहन होत नसे. विलायतेला जाण्यापूर्वी एका रात्री आपले मित्र मनमोहन घोष यांना त्यांनी पावलाला पाऊल मिळवीत, एकाच माणसाची चाहूल यावी अशा बेताने अंतःपुरात आणले आणि पत्नीच्या मच्छरदाणीत बसवले. पत्नी घुंघट ओढून एका बाजूला, मित्र दुसऱ्या बाजूला. दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही. थोड्या वेळाने मित्राला आणले तसेच परत पोचवण्यात आले. ही हकीकत ज्ञानदानंदिनींनी पुढे म्हातारपणी हसत हसत सांगितली आहे.

१८६३ साली सत्येंद्रनाथ इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या सेवेत शिरलेले ते पहिले भारतीय. नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि पत्नीला बरोबर नेण्याचे ठरले, तेव्हा एक अगदी साधी अडचण पुढे उभी राहिली. तिने नेसायचे काय?

ही अडचण आज हास्यास्पद वाटेल, पण ती खरी होती. त्या काळी बंगालमधली घरंदाज स्त्री एकच साडी नेसे, तीही बहुधा अतिशय तलम. आत परकर नाही, अंगात चोळी नाही. घरात त्यात काही वावगे नव्हते, कारण तिथे परका पुरुष येतच नसे. १८२०च्या दशकात फॅनी पार्क्स नावाच्या इंग्रज बाईने कलकत्त्याच्या एका धनिकाचे अंतःपुर पाहिले आणि हा पोषाख पाहिल्यावर इथे परपुरुषांना प्रवेश का नाही ते आपल्याला कळले, अशा आशयाचा शेरा आपल्या प्रवासवर्णनात मारला. शेरा बोचरा आहे. पण त्यातून एक वस्तुस्थिती उघड होते. वाड्याच्या भिंती याच त्या वस्त्राचा उरलेला भाग होत्या. भिंतीबाहेर पडायचे तर तो भाग दुसरीकडून आणणे प्राप्त होते.

तो आणण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. स्वतः देवेंद्रनाथांना बंगाली स्त्रीचा पोषाख अपुरा वाटे आणि घरच्या लहान मुलींसाठी त्यांनी शिंप्याकडून निरनिराळे नमुने शिवून पाहिले होते. त्यांतला एकही रुळला नाही. सत्येंद्रनाथांनी पत्नीच्या प्रवासासाठी एका फ्रेंच दुकानातून ‘पौर्वात्य’ म्हणवणारा एक पोषाख करवून घेतला. तो इतका अवघड निघाला की पतीच्या मदतीवाचून तो तिला अंगावर चढवताच येईना. तशा वेषात ती मुंबईला निघाली. घरापासून गाडीतून बंदरावर जावे असा पतीचा आग्रह होता, परंतु सासऱ्यांनी तो मानला नाही. कुलवधू पालखीतूनच जहाजापर्यंत गेली.

मुंबईत त्यांचा मुक्काम आरंभी माणकजी करसेटजी यांच्या घरी पडला. हे पारशी गृहस्थ स्त्रीशिक्षणाचे कट्टे पुरस्कर्ते. मुलींसाठी इंग्रजी शाळा काढून त्यांना एकच वर्ष लोटले होते. त्यांच्या घरातल्या स्त्रिया पाहुण्यांत बसत, बोलत, फिरायला जात, आणि हे सगळे साडी नेसून. आत शिवलेले कपडे, वर रेशमी साडी, पायांत मोजे आणि बूट. फ्रेंच शिंप्याला जे जमले नाही त्याचे उत्तर ज्ञानदानंदिनींना शेजारच्या खोलीतच सापडले. त्यांनी ती तऱ्हा उचलली, पण जशीच्या तशी नव्हे. पारशी स्त्रिया गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पदर पुढे आणीत; ज्ञानदानंदिनींनी तो डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा राहावा. डाव्या खांद्यावरचा पदर मराठी बायकांना मुळीच नवा नव्हता, हे जाता जाता सांगावयास हवे. साडीखाली परकर, शेमीज आणि पोलके आले. बंगालमध्ये पुढे या रीतीला ‘बोंबाई दस्तूर’, म्हणजे मुंबईची तऱ्हा, असेच नाव पडले. ब्राह्म कुटुंबांत ती अधिक पसरली म्हणून ‘ब्राह्मिका साडी’ हे दुसरे.

दोन वर्षांनी, १८६६ साली, ती कलकत्त्याला परतली. या वेळी पालखी नव्हती. घरची सून मडमेसारखी गाडीतून दारात उतरली, हे पाहून वाड्यात जी रडारड झाली तिचे स्मरण नणंद स्वर्णकुमारी देवींनी लिहून ठेवले आहे. घरातल्या बायका तिच्याशी मोकळेपणाने मिसळायला बिचकत. एकाच घरात ती काही काळ जणू वाळीत पडली. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉरेन्स यांच्या बंगल्यावरचे निमंत्रण आले. पती आजारी असल्याने ती एकटीच गेली. जमलेल्या मंडळींना तर्क करता येईना. हिंदू घराण्यातली स्त्री इथे येणे शक्यच नाही, तेव्हा या भोपाळच्या बेगमच असाव्यात, असे कित्येकांना वाटले. खरा उलगडा झाला तेव्हा ठाकुरांच्याच दुसऱ्या शाखेचे वयोवृद्ध प्रसन्नकुमार, आपल्या कुळातली सून भर सभेत पाहून शरमेने तिथून निघून गेले.

इथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. ज्या वस्त्रात अंग दिसते म्हणून साहेब आणि मिशनरी बंगाली स्त्रीला नावे ठेवीत होते, ते सोडून तिने अंग पूर्णपणे झाकले, तर आता स्वकीय नावे ठेवू लागले. पहिला आरोप उघडेपणाचा, दुसरा आरोप झाकण्याचा! तक्रार वस्त्राबद्दल नव्हतीच, ती स्त्री दिसू लागल्याबद्दल होती. पण दिसण्याबद्दल बोलायचे तर बोट ठेवायला पोलके, बूट आणि मोजे सापडत. कालीघाटच्या चित्रकारांनी नव्या चालीच्या ‘बिबी’ रंगवून यात्रेकरूंना विकल्या. १८८०च्या दशकात जोगेंद्रचंद्र बसू यांची ‘मॉडेल भगिनी’ ही शिकलेल्या ब्राह्म स्त्रीची टर उडवणारी कादंबरी हातोहात खपली. बोलणे विनोदावर थांबले असते तर एक वेळ चालले असते. १८९१ साली ‘बंगवासी’ पत्राने डॉक्टर कादंबिनी गांगुली यांच्या चारित्र्यावर आडून शिंतोडे उडवले. त्या पदवीधर होत्या, रुग्णांच्या घरी रात्री-अपरात्री जात होत्या, एवढाच त्यांचा अपराध. गांगुली पतिपत्नींनी न्यायालयात दाद मागितली आणि संपादक महेशचंद्र पाल यांना सहा महिन्यांची कैद व शंभर रुपये दंड झाला.

याच्या शेजारी ठाकुरांच्याच घरातला दुसरा प्रयोग ठेवून पाहावा. ज्ञानदानंदिनींचे दीर ज्योतिरिंद्रनाथ यांनी पुरुषांसाठी एक राष्ट्रीय पोषाख निर्माण करण्याचा घाट घातला. धोतर कामाच्या गैरसोयीचे आणि पाटलोण परकी, म्हणून त्यांनी पाटलोणीवरच धोतराचा आभास शिवून घेतला. पागोटे आणि सोला टोपी यांचाही असाच संकर केला. तो अवतार चढवून ते भरदुपारी सर्वांच्या देखत बेधडक गाडीत बसत, असे रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत गमतीने लिहिले आहे. लोक हसले, आणि तो पोषाख दुसऱ्या कोणी अंगाला लावला नाही. पण ज्योतिरिंद्रनाथांच्या चालचलणुकीविषयी त्या पाटलोणीवरून कोणी चकार शब्द काढल्याचे ऐकिवात नाही.

भावजयीच्या साडीचे मात्र तसे झाले नाही. तिला नावे ठेवली गेली आणि तिचे अनुकरणही झाले. आणि अनुकरण करणाऱ्या त्याच वाड्यातल्या, आरंभी बिचकणाऱ्या मुली-सुना होत्या. तिथून ती ब्राह्म घरांत गेली. १८७१च्या सुमारास ‘बामाबोधिनी पत्रिका’ या स्त्रियांच्या मासिकात पोषाखाचा ऊहापोह सुरू झाला. बाहेर पडणाऱ्या बंगाली स्त्रीने गाऊन घालावा की पायजमा, का साडीलाच काही जोड द्यावी, खर्च किती येईल, देशीपणा किती राहील, अशी चर्चा स्त्रिया स्वतः करू लागल्या. ज्ञानदानंदिनींनी याच मासिकातून, ही साडी नेसायला शिकवण्याची आपली तयारी आहे, असे कळवल्याचे सांगतात. छापील टीकेला त्यांनी छापील उत्तर दिलेले दिसत नाही; निऱ्या कशा घालाव्यात ते त्या दाखवीत राहिल्या. पुढे केशवचंद्र सेन यांची कन्या, कूचबिहारच्या महाराणी सुनीती देवी यांनी खांद्यावर पदर टाचण्याची सुबक रीत आणली, असे मानले जाते. राजघराण्याची छाप पडल्यावर नावे ठेवणाऱ्यांचा आवाज साहजिकच उतरला.

स्वतः ज्ञानदानंदिनी तिथे थांबल्या नाहीत. १८७७ साली तीन लहान मुले बरोबर घेऊन, पतीवाचून, त्या विलायतेला गेल्या. १८८५ साली ‘बालक’ हे मुलांचे मासिक त्यांनी चालवले. सत्येंद्रनाथांची सारी नोकरी आपल्याच मुलखात गेली. अहमदाबाद, पुणे, सोलापूर, कारवार असे करीत १८९७ साली ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. मुंबईकडच्या त्यांच्या अनुभवांचे ‘बोंबाई चित्र’ हे पुस्तक बंगाली वाचकांना परिचित आहे. ज्ञानदानंदिनींचे निधन १९४१ साली झाले. त्यांच्या आठवणी कन्या इंदिरा देवींनी टिपून घेतल्या होत्या, म्हणून हा सारा वृत्तांत आपल्याला आज सांगता येतो.

मुंबईत जन्मलेली ही तऱ्हा मुंबईच्या मराठी घरांत मात्र फार उशिरा पोचली. तिची गरज नव्हती. नऊवारी लुगडे आणि चोळी यांत मराठी स्त्री शेतात राबत होती, घोड्यावर बसत होती, बाजारहाट करीत होती. बाहेर पडण्यासाठी तिला नवा पोषाख लागत नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात शिकलेल्या मुली परकरावर पाचवारी गोल पातळ नेसू लागल्या, तेव्हा आक्षेप आला तो बंगालच्या नेमका उलट. कलकत्त्यात नव्या साडीत कपडे फार झाले होते. पुण्यात ती बिनकाष्ट्याची म्हणून उणी ठरली. मग पुष्कळ घरांत एक तडजोड निघाली. सून शाळेत शिकवायला जाताना गोल नेसे, आणि मंगळागौरीला किंवा श्राद्धाच्या स्वयंपाकाला सोवळ्याचे नऊवारी. दोरीवर दोन्ही शेजारी शेजारी वाळत.