दातांच्या खात्यावर



गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला पुण्याहून सूनबाईचा फोन आला. "आई, चार दिवस झाले, पिल्लू नाचणीचं सत्त्व तोंडातसुद्धा घेत नाही. चमचा दिसला की मान फिरवते. नुसती लाळ गळतेय." नात आठ महिन्यांची, खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसू लागलेली. शेजारच्या काकूंनी टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळायला सांगितली होती. मी म्हटलं, "ते काही लावू नकोस. आधी सांग, दूध पिते का?" पीत होती. थोडं थोडं, पण पीत होती. माझा जीव भांड्यात पडला.

हा प्रश्न मी पहिला का विचारला, त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगतेच, पण त्याआधी थोडा इतिहास.

दात येण्याची भीती फार जुनी. आपल्याकडे वाग्भटाने अष्टांगहृदयात दात येणं हे बाळाच्या सगळ्या रोगांचं कारण म्हटलं आहे. पण तिथेच तो असंही सांगतो की या तक्रारींसाठी बाळाला फार जखडू नये, दात आले की त्या आपोआप शमतात. किती शहाणा सल्ला!

युरोपात एवढा धीर कोणी धरला नाही. सोळाव्या शतकात आंब्रुआझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने बाळाच्या हिरड्या कापून दातांना वाट करून द्यावी, असं लिहिलं. पुढची तीनशे वर्षं डॉक्टर तान्ह्या मुलांच्या हिरड्यांना चिरा देत राहिले. इंग्लंडमध्ये सरकारी मृत्यूनोंदी सुरू झाल्यावर १८३९ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये ५,०१६ मृत्यू 'दात येणे' या कारणाखाली नोंदले गेले.

दातांनी इतकी मुलं कशी मरतील? मी कॉमर्सची, मला यात चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कम दिसते. सहा महिने ते दोन वर्षं हाच दात येण्याचा काळ, आणि याच काळात आईचं दूध कमी होऊन वरचं अन्न सुरू होतं. घाण पाणी, नासलेलं दूध, न उकळलेली बाटली. मुलं जात होती जुलाबांनी, तापाने, झटक्यांनी. त्या वयात काहीही झालं की ते दातांच्या खात्यावर जमा.

एकदा दोषी दात ठरले की औषधंही दातांचीच. इंग्लंडमध्ये दातांच्या पावडरी घरोघरी असत. त्यात कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. काही मुलांचे हातपाय लालगुलाबी होत, उजेड सहन होत नसे, ती सारखी किरकिरत आणि त्यांची भूक मरे. म्हणजे ज्या तक्रारीसाठी पावडर द्यायची, तीच वाढायची. या 'पिंक डिसीज'चा पाऱ्याशी संबंध १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवला. ब्रिटनमध्ये १९५४ च्या सुमारास पावडरींतून पारा निघाला आणि काही वर्षांत तो आजारच दिसेनासा झाला.

अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' मिळे. दात येणाऱ्या बाळांसाठीचं हे गोड औषध, आणि त्यात मॉर्फिन! बाळ शांत होई. कितीतरी बाळं पुन्हा उठलीच नाहीत. १९०६ च्या कायद्याने असे घटक लेबलवर छापणं सक्तीचं झालं, तेव्हा कुठे आयांना बाटलीत काय आहे ते कळलं.

आपणही मागे नव्हतो. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया बाळाला अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा हे सरकारदरबारी नोंदलं गेलं. त्या आयांना मी नावं ठेवणार नाही. दिवसभर यंत्रापुढे उभं राहायचं, मग बाळाला सांभाळणार कोण?

आता माझी चूक. माझा मुलगा नऊ महिन्यांचा असताना त्याला जुलाब लागले. घरातल्या सगळ्या म्हणाल्या, "दाताचे जुलाब आहेत, दात आला की थांबतील." मीही मानलं. दुसऱ्या दिवशी त्याने दूधही सोडलं. तरी ग्राइप वॉटर पाजत बसले. तिसऱ्या दिवशी जीभ कोरडी, डोळे खोल, सकाळपासून लंगोट कोरडा. दवाखान्यात सलाइन लावलं म्हणून वाचला. घरातल्या तेलामिठाचा हिशेब पैशापर्यंत ठेवणारी मी बी.कॉम. बाई, पण बाळाने दिवसात किती वेळा शू केली, ते मला सांगता आलं नाही. आणखी एक गोष्ट खूप नंतर कळली. त्या काळी बऱ्याच ग्राइप वॉटरमध्ये अल्कोहोल असे. मद्य, मांस, मधु यांचा त्याग पाळणारे आपण, आणि बाटली वाचलीच नव्हती.

मधाचंही तसंच. आपण तो अहिंसेसाठी सोडतो. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो, हे डॉक्टरांना १९७६ नंतर कळत गेलं. टाकणखार तर विषारीच. मध-टाकणखार लावलेली चोखणी दिल्याने बाळांना झटके आल्याचं डॉक्टरांनी १९८३ मध्ये लिहिलं आहे.

आणि तो दुधाचा प्रश्न? अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी शंभराहून अधिक बाळांच्या रोजच्या नोंदी आयांकडून ठेवून घेतल्या. २००० साली त्या प्रसिद्ध झाल्या. दात येताना लाळ, चावणं, किरकिर, जागेपणा वाढतो आणि घट्ट अन्नाची भूक कमी होते. पण दूध-पाणी पिणं कमी होणं, जुलाब, उलट्या, जोराचा ताप यांचा दातांशी संबंध दिसला नाही.

म्हणून सूनबाईला सांगितलं, सत्त्वाची जबरदस्ती नको, दूध थोडं थोडं, वारंवार दे. स्वच्छ ओला रुमाल फ्रिजमध्ये गार करून चावायला दे. हात धुऊन बोटाने हिरडी हलकेच चोळ. सत्त्व गार आणि पातळ करून दिवसा दोनदा पुढे कर, नको म्हटलं तर उचल. आणि वहीत लिही, दूध किती वेळा आणि शू किती वेळा. दूध सोडलं, शू कमी झाली, जुलाब लागले, ताप चढला किंवा बाळ मलूल झालं, तर दातांचं नाव न घेता डॉक्टरांकडे जायचं.

सहाव्या दिवशी तांदळाच्या कणीएवढा दात दिसला. सूनबाईने फोटो पाठवला, सोबत वहीच्या पानाचाही. पानावर सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी वेळेसकट होत्या. मुलाच्या वेळी माझ्याकडे असं एकही पान नव्हतं.