आशियाई अपंग क्रीडासंघटन आणि युवा खेळाडू

आशियातील अपंग क्रीडाचळवळीचा उगम रुग्णालयात आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीवरील उपचारांत खेळाचे स्थान डॉ. युताका नाकामुरा यांनी १९६० मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अभ्यासले. त्यांच्याच पुढाकाराने १९७५ मध्ये जपानच्या ओइता प्रांतात अतिपूर्व व दक्षिण पॅसिफिक विभागाची पहिली ‘फेस्पिक’ स्पर्धा भरली. साहजिकच तिच्यामागे पुनर्वसनाची दृष्टी होती. २००६ च्या क्वालालंपूर येथील नवव्या स्पर्धेनंतर फेस्पिक महासंघ आशियाई पॅरालिम्पिक समितीत विलीन झाला. हा केवळ नामबदल नव्हे. युवकांची आशियाई स्पर्धा २००९ मध्ये टोकियोत झाली, तर प्रौढांची पहिली आशियाई पॅरा स्पर्धा २०१० मध्ये ग्वांगझू येथे. हा क्रम लक्षणीय आहे. जन्मतः अपंग मुलाला गमावलेले परत मिळवायचे नसते. त्याला हवी असते बरोबरीची स्पर्धा आणि अधिकृत वर्गीकरण. पुढे २०१३, २०१७ व २०२१ मध्ये युवा स्पर्धा भरल्या. मात्र चार वर्षांचे अंतर किशोरवयात फार मोठे ठरते.