असईचा जर्मन सेनापती

जर्मन सेनापती म्हटला की आपल्याला रणगाडे आणि आफ्रिकेचे वाळवंट आठवते. पण मोहगावावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता त्या काळात एक जर्मन मराठ्यांच्या बाजूने लढला. अँथनी पोलमन त्याचे नाव. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम त्याचा विषय घेतला आहे.

पोलमन जर्मनीतील हॅनोव्हरचा. कंपनी सरकारने मद्रासकडे आणलेल्या हॅनोव्हरी पलटणीत तो साधा सार्जंट होता. गंमत अशी की इंग्लंड आणि हॅनोव्हर या दोहोंचा राजा एकच, तिसरा जॉर्ज. ती नोकरी सोडून पोलमन महादजी शिंद्यांनी डी बॉयनकडून उभारलेल्या कवायती फौजेत शिरला आणि कर्नल झाला. हत्तीवरून मोठ्या थाटात फिरत असे म्हणतात.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना पेन्शन देण्याचा जाहीरनामा इंग्रजांनी काढला. बरेच गेले. मुख्य सेनापती पेरॉनही गेला. पोलमन मात्र राहिला.

२३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातील असईजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे व दुसरे रघुजी भोसले यांच्या फौजा होत्या. कवायती पायदळ सुमारे दहा हजार, तोफा शंभराच्या घरात, शिवाय हजारो घोडेस्वार. समोर आर्थर वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढणारे साडेचार हजारांच्या आसपास. वाटाडे म्हणाले, पुढे उतार नाही. वेलस्लीने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे पाहिली आणि ताडले, उतार असणारच! तो तेथूनच पार झाला.

येथे पोलमनचे खरे कसब दिसते. शत्रू बगलेवर येताच त्याने अख्खी रांग तोफांसह काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली. ऐन लढाईच्या तोंडावर हे करणे कवायत पक्की असल्याशिवाय जमत नाही. असई गावाकडे भरकटलेली इंग्रजांची ७४ वी पलटण तोफांनी जवळजवळ संपवली. इंग्रजांचे मेलेले व जखमी मिळून दीड हजारांवर गेले.

आमचे गोलंदाज तोफेपाशीच कापले गेले. काही मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्याच तोफा पाठीमागून डागू लागले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. दोन्ही राजे मात्र लढाईचा निकाल लागण्याआधीच मैदान सोडून गेले होते. आम्ही भोसल्यांच्या मुलखातले, तरी हे लिहिणे भाग आहे. पराभवाचे खापर परक्या सेनापतीवर फोडणे सोपे असते. पण घोडदळ बघत राहिले, त्याला पोलमन काय करणार? ते त्याच्या हुकमात नव्हतेच.

९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. वॉटर्लू जिंकल्यानंतरही वेलस्ली आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचेच नाव घेई.

पुढे नोव्हेंबरात अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. तो आपल्यापासून फार लांब नाही. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला (आपल्या छिंदवाड्याकडील देवगड वेगळा). रघुजींनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. नदीच्या अलीकडचे आपले मोहगाव भोसल्यांकडेच राहिले, ते १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत.