मोरीतल्या पाण्यापासून चष्म्याच्या काचेपर्यंत

मागच्या भागानंतर एका ताईंचा फोन आला होता. नवा चष्मा केला, दुकानदाराने अँटीग्लेअरचे जादा पैसे घेतले, आणि आता काच तिरकी धरली की हिरवट-जांभळी झाक दिसते. काच खराब निघाली का, असं त्यांनी विचारलं. ताई, काच चांगली आहे. ती झाक आणि तुमच्या मोरीतल्या साबणाच्या फेसावरचे रंग एकाच घराण्यातले. या दोन्हींच्या मधे दोन बायका आहेत, आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

पण आधी रंगांचं बघू. पावसाळ्यात एसटी स्टँडवरच्या डबक्यात गाडीचं तेल पसरतं आणि मोरपिसासारखे रंग उमटतात. ते तेलाचे नव्हेत, पाण्याचेही नव्हेत. इंग्लंडमध्ये न्यूटनने साबणाच्या फुग्यावर हे रंग बारकाईने पाहिले होते. पण उजेड लाटांसारखा चालतो असं धरून त्यांचा उलगडा केला तो थॉमस यंगने, १८०१च्या सुमारास. पातळ पापुद्र्यावर उजेड पडला की थोडा वरूनच परततो, थोडा आत शिरून मागच्या बाजूने परततो, आणि दोन्ही पुन्हा एकत्र येतात. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्याशी जुळला की तो रंग उजळतो. उंचवट्यासमोर खळगा आला की तो रंग विझतो. म्हणजे उजेडात उजेड मिळवला आणि अंधार झाला! कुठला रंग विझणार हे पापुद्र्याच्या जाडीवर ठरतं. पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात.

लाटेचा आणखी एक गुण म्हणजे ती अडथळ्याच्या कडेला वळते. ते विवर्तन. आमच्या एफएमची लाट तीनेक मीटर लांबीची, म्हणून टेकडीआडच्या वाडीतही आमचा आवाज थोडाफार पोचतो. उजेडाच्या लाटा इतक्या बारीक, की एका मिलिमीटरमध्ये सुमारे २,००० मावतात. म्हणून त्यांचं वळणं एरवी कळत नाही. रात्री ताणलेल्या छत्रीच्या कापडातून लांबचा दिवा पाहा, एका दिव्याभोवती ठिपक्यांची रांगोळी दिसेल.

आता पहिली बाई. आग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२, व्हेनिसचा, पण आयुष्य गेलं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात. मुलींच्या शाळेत तिला शास्त्राची गोडी लागली, पण तेव्हा तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. धाकटा भाऊ फ्रिट्झ शिकायला गेला, आणि ती घरी राहिली. आईवडील सतत आजारी, त्यांचं सगळं तिच्याकडे. भाऊ आपली पुस्तकं तिला पाठवायचा, तेवढीच खिडकी.

भांड्यांच्या तेलकट पाण्याकडे पाहताना तिला प्रश्न पडला, असं तिच्या भावजयीने पुढे लिहून ठेवलंय. ही गोष्ट फार गोड करून सांगितली जाते आणि आम्हाला ते थोडं खटकतं. प्रश्न एका दिवशी पडला असेल, पण त्यानंतर तिने सुमारे दहा वर्षं मोजमाप केलं, ते का नाही कोणी सांगत? पत्र्याची लांबट पेटी, ७० सेंटीमीटर लांब, ५ रुंद, २ खोल. ती काठोकाठ पाण्याने भरायची. वर पत्र्याची आडवी पट्टी. दुधावरची साय एका बाजूला सारावी तशी ती पट्टी सरकवून तिने पाण्यावरचा तेलकटपणा गोळा केला किंवा पसरू दिला. पाण्यावर बटणाएवढी चकती टेकवायची आणि ती उचलायला किती वजन लागतं ते तराजूने पाहायचं. त्यावरून पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कळला. तेलाचा थर एका ठरावीक मर्यादेपलीकडे दाबला, की हा ताण एकदम घसरतो हे तिला सापडलं. पुढे कळलं, की त्या मर्यादेला तो थर फक्त एका रेणूच्या जाडीचा असतो.

हे छापणार कोण? जानेवारी १८९१मध्ये तिने इंग्लंडच्या लॉर्ड रॅली या नामवंत शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. तो स्वतः याच विषयावर काम करत होता. पत्र बाजूला टाकणं, नाहीतर त्यातलं गुपचूप उचलणं सोपं होतं. त्याने पत्राचं भाषांतर 'नेचर' मासिकाकडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते तिच्या नावाने छापून आलं.

त्या पेटीची सुधारलेली आवृत्ती अमेरिकेत अर्विंग लँगम्यूरने वापरली. १९३२मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तरीच्या आग्नेसला तिच्या गावच्या तंत्र विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली.

दुसरी बाई याच लँगम्यूरची सहकारी, कॅथरीन ब्लॉजेट. तिच्या जन्माआधी काही आठवडे घरात शिरलेल्या चोराने तिच्या वडिलांना गोळी घातली होती. पण काळ बदलला होता. १९२६मध्ये ती केंब्रिजची भौतिकशास्त्रातली पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री झाली. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तिने पाण्यावरचा एका रेणूचा थर काचेवर उचलायची रीत बसवली. काच पाण्यात बुडवायची, वर काढायची, पुन्हा बुडवायची. दर वेळी एक थर. जाडी वाढते तसा रंग बदलतो, म्हणून तिने रंग पाहून जाडी सांगणारी पट्टीच तयार केली.

साध्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून चारेक टक्के उजेड परततो. ब्लॉजेटने बेरियम स्टिअरेटचे, म्हणजे एका प्रकारच्या साबणाचेच, ४४ थर काचेवर चढवले. एकूण जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. एवढ्या जाडीला थराच्या वरून परतणारा आणि खालून परतणारा उजेड एकमेकांना विझवतात. १९३८च्या डिसेंबरमध्ये ही 'न दिसणारी काच' जाहीर झाली. तिचा थर बोटानेसुद्धा पुसला जायचा. आजच्या चष्म्यांवरचे टणक थर वेगळ्या पदार्थांचे आणि वेगळ्या रीतीने बसवलेले, पण युक्ती तीच. थराची जाडी सगळ्याच रंगांना सारखी जुळत नाही. जे रंग थोडेसे परततात, त्यांची ती झाक, ताई.

आता रात्रीची भांडी झाली की एक करा. काचेची बांगडी साबणाच्या दाट पाण्यात बुडवून उभी धरा. आडवे पट्टे दिसतील, हळूहळू खाली सरकतील. फुटायच्या थोडं आधी वरच्या कडेला काळी पट्टी येते. तिथे पापुद्रा इतका झिजलेला असतो, की परतणारा सगळाच उजेड विझतो. घाईने फुंकर मारू नका, नाहीतर ती दिसायच्या आधीच पापुद्रा जाईल.