व्यसनी माणसाचा केसपेपर

इतिहास म्हटला की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. आज मी ज्या लढाईविषयी बोलणार आहे ती कागदावरची आहे, आणि ती अमेरिकेत झाली. दारू वा अफू यांच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या माणसावर काय उपचार झाले, हे कोणी लिहून ठेवायचे, ते कोणी वाचायचे आणि त्या लिखाणावर पैसे कोणी मोजायचे, यावरून ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली आहे.

या विषयाकडे मी वळलो तो हजेरीपटाच्या वाटेने. हजेरीपटावर 40 नावे आणि रस्त्यावर झाडू मात्र 25, हा प्रकार मी कंत्राटी कामगारांत काम करताना पाहिलेला आहे. उरलेल्या 15 जणांचा पगार कोणाच्या खिशात जातो याची चर्चा होते. पण 25 माणसांना 40 जणांचे काम उपसावे लागते, हे कोणी मोजत नाही. खोटी नोंद म्हणजे नुसती पैशाची चोरी असे समजणारे येथेच चुकतात.

व्यसनाच्या उपचारात तर नोंदीचे महत्त्व आणखी वेगळे आहे. हाड मोडले तर क्ष-किरणाचे चित्र असते, टाके घातले तर व्रण असतो. परंतु व्यसनी माणूस तासभर समुपदेशकापुढे बसून बोलला, याची खूण अंगावर राहत नाही. त्या तासाचा साक्षीदार केसपेपर. तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, कोण बोलले, रोगी काय म्हणाला, ठरलेल्या उपचारात काय फरक करावा लागला आणि खाली सही, एवढे प्रामाणिकपणे लिहिलेले असले तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या नव्या समुपदेशकाला धागा सापडतो. दहा रोग्यांच्या कागदावर तोच मजकूर उतरवलेला असला, तर दहापैकी एकाकडेही कोणी पाहिले नाही असे खुशाल समजावे.

पण हाच कागद रोग्याचा वैरीही होऊ शकतो. 1914 साली अमेरिकेत हॅरिसन कायदा झाला. अफू व कोकेन देणाऱ्या डॉक्टरांनी सरकारदरबारी नाव नोंदवावे, वर्षाला एक डॉलर कर भरावा आणि दिलेल्या मालाचा हिशेब ठेवावा, असे त्याचे स्वरूप होते. दिसायला कराचा कायदा. प्रत्यक्षात तो पोलिसी कायदा ठरला. 1919 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की व्यसनी माणसाचे व्यसन नुसते चालू ठेवण्यासाठी लिहिलेली चिठ्ठी हे औषधाचे पत्रक नव्हेच. मग डॉक्टरांवर खटले झाले. आपले नाव वहीत लिहून घेणे म्हणजे संकट, हे रोग्याने ओळखले आणि तो दवाखाना टाळू लागला.

या भीतीला उत्तर मिळायला 1970 साल उजाडले. त्या वर्षीच्या आणि 1972 च्या कायद्यांनी व्यसनाच्या रोग्यांची कागदपत्रे गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. त्याची कसोटी लगेच लागली. 1972 साली न्यूयॉर्क शहरात एक खून झाला. खुनी मनुष्य आपण मेथाडोन केंद्रात पाहिला होता असे एका साक्षीदार बाईने सांगितले. पोलिसांनी केंद्राकडे 21 ते 35 वयाच्या कृष्णवर्णीय पुरुष रोग्यांची छायाचित्रे मागितली. शहराच्या मेथाडोन कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट न्यूमन यांनी ती देण्यास साफ नकार दिला. एका संशयितासाठी शेकडो निरपराध माणसांचे चेहरे चौकीत मांडले, तर उद्या औषधाच्या रांगेत उभे कोण राहणार? खालच्या न्यायालयाने त्यांना बेअदबीबद्दल 30 दिवसांची कैद सुनावली. त्यांनी माघार घेतली नाही, आणि 1973 साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. खुनाच्या तपासात आडवे येणे सोपे नसते. डॉक्टरांच्या या हट्टाला मी संपाइतकेच मोल देतो.

कागद पोलिसांपासून सुरक्षित झाला, तोवर त्याला दुसरा वाचक मिळाला होता : पैसे देणारा. 1965 साली मेडिकेड ही गरिबांच्या औषधपाण्याची सरकारी योजना आली. ॲरिझोना राज्य तीत सर्वांत शेवटी, 1982 साली, सामील झाले. बिलासाठी प्रत्येक कामाला सांकेतिक क्रमांक असतो. व्यसनाच्या सघन बाह्योपचाराचा क्रमांक एच 0015. त्याचा अर्थ दिवसाला निदान तीन तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, तेही प्रत्येक रोग्याच्या स्वतंत्र योजनेनुसार. एका क्रमांकात एवढे कष्ट भरलेले आहेत. ॲरिझोनात आदिवासींसाठी असलेल्या योजनेत या कामाचा दर ठरलेला नव्हता. जेवढे मागाल त्याच्या काही टक्के मिळत. बिल फुगवा, पैसे फुगतात! या मानसोपचार बाह्यसेवेवरचा खर्च 2019 साली 5 कोटी 35 लाख डॉलर होता, तो 2022 साली 66 कोटी 80 लाखांवर गेला. एवढे व्यसनी तीन वर्षांत कोठून आले, हे विचारायला उशीर झाला.

ते आणले गेले होते. नावाहो व इतर जमातींच्या वस्त्यांतून माणसांना गाडीत घालून, जेवणाचे व निवाऱ्याचे आमिष दाखवून फिनिक्स शहरातल्या घरांत ठेवले जाई. काही घरांत दारूही मिळे, कारण बरा झालेला माणूस बिलाच्या कामाचा राहत नाही. तुरुंगात असलेल्यांच्या, इतकेच काय मेलेल्यांच्या नावावरही उपचाराचे तास लागले. कागद पाहावा तर प्रत्येकजण रोज तीन तास समुपदेशकापुढे बसलेला. शोधपत्रकारांनी पुढे मोजले तेव्हा अशा घरांत व केंद्रांत राहणारे निदान 40 आदिवासी मरण पावल्याचे आढळले.

16 मे 2023 रोजी राज्यपाल केटी हॉब्स आणि महाधिवक्ता क्रिस मेयस यांनी हे प्रकरण जाहीर केले आणि शंभरावर संस्थांची देणी थांबवली. पुढे हा आकडा तीनशेवर गेला. काहींची देणी चौकशीनंतर पुन्हा सुरू झाली. ज्याचे केसपेपर चोख त्याला निदान दाखवायला काही होते.

पैसे थांबताच घरे बंद पडली आणि रोगी रस्त्यावर आले. राज्याने तात्पुरता निवारा आणि गावी जाण्याची सोय केली. कित्येकांच्या घरच्यांना मात्र आपला माणूस कोणत्या घरात होता हेच माहीत नव्हते. नावाहो राष्ट्राने आपले पोलीस दूरवरून फिनिक्सला पाठवले, आणि ते त्या उन्हाळ्यात रस्त्यांवरून, बसथांब्यांवरून आपल्या माणसांना शोधत हिंडत होते.