ढगाला सोंड नव्हती : १९२५च्या टोर्नॅडोच्या आठवणी

आज आपण एका वादळाबद्दल बोलणार आहोत. खरं तर त्या वादळाबद्दल लोकांनी काय लक्षात ठेवलं, याबद्दल.

आधी एक खुलासा. टोर्नॅडो म्हटलं की आपल्याला चक्रीवादळ आठवतं. पण समुद्रावरून येणारं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद असतं आणि दिवसेंदिवस चालतं. टोर्नॅडो म्हणजे गडगडाटी ढगातून थेट जमिनीला भिडणारा, वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. चैत्रातल्या वावटळीसारखा तो दिसेल, पण वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, तर हा वरून, ढगातून खाली येतो. चित्रात त्याची सोंडेसारखी आकृती आपण पाहिलेली असते. ती सोंड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८ मार्च १९२५, बुधवार. दुपारी एकच्या सुमारास अमेरिकेच्या मिसूरी राज्यात एक टोर्नॅडो जमिनीला टेकला. मिसिसिपी नदी ओलांडून तो इलिनॉयमध्ये शिरला, तिथून इंडियानात गेला आणि साडेचारच्या सुमारास विरला. साडेतीन तास, तीन राज्यं, रूढ नोंदीप्रमाणे २१९ मैल, म्हणजे सुमारे ३५० किलोमीटर. मृतांचा आकडा ६९५. अमेरिकेच्या इतिहासात एका टोर्नॅडोने घेतलेले हे सर्वाधिक बळी.

यातले २३४ एकट्या मर्फिसबरोत गेले. इलिनॉयमधलं हे रेल्वेच्या कारखान्याचं गाव. अडीचच्या सुमारास वादळ आलं तेव्हा माणसं कामावर होती, मुलं शाळेत होती. पडझडीनंतर आगी लागल्या आणि पाणीपुरवठा कोलमडल्यामुळे त्या विझवायला पाणी नव्हतं. काही मिनिटांतच पुढचं डी सोटो हे खेडं उद्ध्वस्त झालं. तिथल्या शाळेत ३३ विद्यार्थी मेले. अमेरिकेत कुठल्याच टोर्नॅडोत एका शाळेत एवढी मुलं गेलेली नाहीत.

आता आठवणींकडे येऊ. वाचलेल्यांच्या आठवणी पुढे अनेकांनी जमवल्या. पीटर फेल्कनर यांनी १९९२ साली त्यांचं पुस्तक केलं. भूगोलाचे प्राध्यापक वॉलेस एकिन यांनी २००२ साली या वादळावर लिहिलं. ते स्वतः मर्फिसबरोचे, आणि वादळाच्या वेळी अवघे दोन वर्षांचे. इथे आपण थांबून विचारायला हवं : दोन वर्षांच्या मुलाची आठवण त्याची स्वतःची किती, आणि घरात शंभरदा ऐकून झालेली किती? याचं उत्तर सोपं नाही. म्हणूनच अशा आठवणींकडे इतिहासकार बराच काळ जरा संशयानेच बघत आले.

पण या आठवणींत एक गोष्ट परत परत येते. लोक सांगतात, सोंड दिसलीच नाही. दिसला तो जमिनीलगत लोळत येणारा काळा ढग. कुणाला ते दाट धुकं वाटलं, कुणाला जोराचा पाऊस. म्हणजे बघा, ही माणसं टोर्नॅडोच्या मुलखात राहणारी. तो कसा दिसतो हे त्यांना ऐकून-बघून माहीत होतं. जे आलं ते त्या चित्रात बसत नव्हतं, म्हणून पुष्कळांनी धोका ओळखला नाही.

दुसरी आठवण वेळेची. सगळं काही क्षणांत संपलं, असं लोक सांगतात. आपण म्हणू, घाबरलेल्या माणसाला वेळेचं भान कुठलं? पण साधं गणित करून बघू. वादळाचा पट्टा साधारण पाऊण मैल रुंद होता आणि सरासरी वेग ताशी ६२ मैल. म्हणजे एका घरावरून पूर्ण पट्टा सरकायला पाऊण मिनिटही लागत नाही. इथे आठवण बरोबर ठरते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : आम्हाला कुणी सांगितलं नाही. ही तक्रार नुसती दुःखातून आलेली नाही. १८८४ साली जॉन फिनली या अधिकाऱ्याने टोर्नॅडोचे अंदाज वर्तवण्याचा प्रयोग सुरू केला होता. तो गुंडाळला गेला आणि सरकारी अंदाजात ‘टोर्नॅडो’ हा शब्द वापरायलाच मनाई झाली. लोक घाबरून धावपळ करतील आणि त्यातच जास्त नुकसान होईल, असं कारण दिलं गेलं. त्यामुळे त्या बुधवारच्या अंदाजात पाऊस होता, दिशा बदलणारे जोरदार वारे होते, टोर्नॅडो नव्हता.

आता न्यायाने बोलायचं तर त्या काळी ना रडार होतं, ना वरच्या हवेची पुरेशी निरीक्षणं. हे वादळ सकाळीच ओळखा, अशी अपेक्षा आपण करू शकत नाही. पण इंडियानातलं ग्रिफिन हे गाव चारच्या सुमारास पडलं. तोवर वादळ सुरू होऊन तीन तास झाले होते. तारा तुटत होत्या हे खरं. पण मागच्या गावाची खबर पुढच्या गावाला द्यायची, अशी व्यवस्थाच कुणी उभारलेली नव्हती. ज्या शब्दाला बंदी, त्याची खबर कोण देणार? मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या लष्करी अधिकाऱ्यांनी वर्तवलेला टोर्नॅडोचा अंदाज खरा ठरला. त्यानंतर, १९५० साली, ही मनाई उठली.

एक प्रश्न उरतो. २१९ मैल चाललेला हा एकच टोर्नॅडो होता, की एकामागून एक आलेले अनेक? २०१३ साली काही हवामानशास्त्रज्ञांनी जुनी कागदपत्रं, वर्तमानपत्रं आणि वाचलेल्यांच्या मुलाखती एकत्र करून हा मार्ग पुन्हा तपासला. निदान १७४ मैलांचा सलग पट्टा एकाच टोर्नॅडोचा असावा, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. विरळ वस्तीच्या भागात, जिथे कागदोपत्री नोंद नव्हती, तिथे कुणाचं घर पडलं, कुणाचं कोठार गेलं, ही घराघरांतली माहितीच उपयोगी पडते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. त्या लोकांना काय झालं ते विचारताना, त्या क्षणी त्यांना ते काय वाटलं, हेही विचारलं पाहिजे. धुकं वाटलं, असं कुणी सांगितलं तर ती चूक म्हणून खोडू नका. डी सोटोच्या शाळेत त्या दुपारी वर्ग नेहमीसारखे का चालू होते, याचं उत्तर त्या एका शब्दापासून शोधायला लागतं.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.