मनोऱ्यातून गळलेला गाळ

नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्रात, बेअर आयलंड नावाचं एक बेट आहे. झाड म्हणावं असं झाड तिथं नाही. शेवाळं, दगडफूल, जमिनीला चिकटून वाढणारी थोडी झुडपं, समुद्रपक्ष्यांनी पांढरे केलेले कडे आणि काही कोल्हे, एवढाच संसार. १९२१ साली ऑक्सफर्डहून निघालेली एक मोहीम तिथं उतरली. तिच्यात चार्ल्स एल्टन हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी ज्युलियन हक्सलेचा मदतनीस म्हणून आला होता. आपल्याकडे नववीच्या विज्ञानात जो ऊर्जेचा मनोरा शिकवतात, त्याच्या घराण्यातली एक जुनी नोंद इथली.

एल्टनला ही जागा लाभली ती तिच्या दारिद्र्यामुळे. सह्याद्रीतल्या एखाद्या देवराईत कोण कोणाला खातं हे लिहायला बसलं, तर आयुष्य पुरणार नाही. बेअर आयलंडवर ते एका कागदावर मावत होतं. एल्टन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर समरहेज यांनी १९२३ साली ते चित्र छापलं. पक्षी समुद्रातले मासे खातात. त्यांची विष्ठा कड्यांवर पडते आणि तिच्यातल्या नायट्रोजनवर खालची हिरवळ पोसते. कोल्हा पक्षी खातो, आणि पक्षी निघून गेले की ध्रुवीय अस्वलांनी मारलेल्या सीलचं उरलंसुरलं खातो. चौकटी आणि बाण. शीर्षक होतं नायट्रोजनचक्राचं, म्हणजे चित्र पदार्थाच्या फेऱ्याचं होतं. ऊर्जेचा त्यात पत्ता नव्हता. समुद्रातलं खत पक्ष्यांच्या पोटातून डोंगरावर चढतं, हे मात्र त्यात स्वच्छ दिसत होतं.

पुढे हक्सलेच्या सांगण्यावरून एल्टननं तीनेक महिन्यांत एक पुस्तक लिहून काढलं. ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ हे पुस्तक १९२७ साली आलं. अन्नसाखळीचं प्रकरण तो मोठ्या माशानं लहान माशाला खाण्याच्या चिनी म्हणीपासून सुरू करतो. आपल्याकडे हाच मत्स्यन्याय कौटिल्यानं राजदंडाच्या समर्थनासाठी वापरला. आपण माशावरून राजाकडे गेलो, एल्टन मासे मोजायला गेला. मोजल्यावर त्याच्या लक्षात आलं की साखळीत जसजसं वर जावं तशी डोकी घटतात. लहान जीव भराभर वाढतात, म्हणून त्यांची वरकड संख्या मोठ्यांच्या तोंडी पडते. मोठे सावकाश वाढतात, त्यांना हिंडायला मुलूख लागतो, म्हणून ते थोडेच असतात. याला त्यानं संख्यांचा मनोरा म्हटलं.

डोकी मोजण्यात एक खोट आहे. एका वडावर हजारो किडे जगतात आणि एका बैलाच्या अंगावर शेकडो गोचिडं. असा हिशेब मांडला की मनोरा उलटा, टोकावर उभा राहतो. परजीवींच्या बाबतीत असं होतं हे एल्टनलाही माहीत होतं. वड आणि किडा एका तागडीत घालायचे तर दोघांना लागू पडेल असं एकच माप हवं होतं.

१९३५ साली इंग्लंडच्या आर्थर टान्स्लीनं परिसंस्थेची कल्पना मांडली. जंगल हा जणू एक महाप्राणी आहे असं मानणाऱ्या मंडळींशी त्याचं भांडण होतं. जीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा हे सगळं मिळून एक संस्था धरावी, एवढंच तो म्हणत होता. शब्द सुचवला होता तरुण सहकारी आर्थर क्लॅपमनं. टान्स्लीनं त्यासाठी तळ्याचा तळ काही उपसला नाही.

तो उपसला रेमंड लिंडमननं.

लिंडमन मिनेसोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९१५. मिनिआपोलिसच्या उत्तरेला सीडर बॉग लेक नावाचं तळं आहे. तळं कसलं, दीड हेक्टरांचं डबकं म्हणा. खोली मीटरभर. स्वतःच्याच गाळानं भरत आलेलं आणि काही शतकांत दलदल होऊन संपणारं. पीएचडीसाठी त्यानं हेच निवडलं आणि जवळजवळ पाच वर्षं तिथं काढली. होडीतून तळाशी यंत्राचा जबडा सोडायचा, गाळाचा घास वर आणायचा, चाळणीत धुवायचा, मग त्यातल्या अळ्या, कृमी, शिंपले वेचून मोजायचे. पाण्यातले सूक्ष्मजीव जाळीनं गाळायचे. काठावरच्या पाणवनस्पती कापून वाळवून तोलायच्या. हिवाळ्यात बर्फ फोडून हेच सगळं. बर्फाखाली प्राणवायू संपतो तेव्हा गाळातले जीव कसे तग धरतात, यावर त्यानं वेगळे प्रयोग केले. त्याची पत्नी एलेनॉर या कामात बरोबर असे. लिंडमनला यकृताचं दुखणं होतं आणि ते वाढत होतं.

प्रत्येक जिवाचं वजन त्यानं कॅलरीत फिरवलं. वड आणि किडा एका तागडीत बसवणारं माप हेच. शेवाळाची कॅलरी आणि माशाची कॅलरी सारखीच, त्यामुळे बेरीज-वजाबाकी करता येते. मग त्यानं तळ्याचं चित्र काढलं. त्याच्या मध्यभागी मासा नाही, वनस्पती नाही. मध्यभागी गाळ आहे. सगळे मरून गाळात जातात, जिवाणू त्याचं विघटन करतात, त्यातलं खनिज पुन्हा पाण्यात येतं आणि वनस्पती ते उचलतात. गाळाच्या चिमटीत जिवंत किती आणि मेलेलं किती, हे वेगळं करता येत नाही. टान्स्लीचा शब्द लिंडमनला पटला तो इथं, हातात गाळ घेतल्यावर.

१९४१ साली तो येल विद्यापीठात एव्हलिन हचिन्सनकडे गेला आणि या कामातला सिद्धान्ताचा भाग ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठवला. तो दोघा परीक्षकांकडे गेला, विस्कॉन्सिनचे चान्सी जूडे आणि मिशिगनचे पॉल वेल्च. दोघेही तळ्यांच्या अभ्यासातले बुजुर्ग आणि दोघांनीही नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की एवढ्याशा पुराव्यावर एवढा सिद्धान्त उभा राहत नाही. आधी आणखी तळी मोजा. यातली मौज अशी की आपल्या तळ्याशी तुलना करायला लिंडमननं मेंडोटा सरोवराचे जे आकडे वापरले होते, ते जूडेंनीच गोळा केलेले होते. परीक्षकांना दुष्ट ठरवायची घाई करू नये. त्यांचा आक्षेप खरा होता, तळी दोनच होती. हचिन्सननं संपादक टॉमस पार्क यांना पत्र लिहून लेखाची बाजू मांडली आणि पार्कनी परीक्षकांचा सल्ला बाजूला ठेवून तो स्वीकारला. २९ जून १९४२ रोजी लिंडमन वारला. वय सव्वीस. लेख ऑक्टोबरच्या अंकात, हचिन्सनच्या पुरवणी टिपणासह आला. पडद्यामागचा हा पत्रव्यवहार १९७७ साली रॉबर्ट कुकनं ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला.

आता त्या लेखातले आकडे. सीडर बॉगवर वर्षभरात दर चौरस सेंटिमीटरला १,१८,८७२ कॅलरी ऊन पडतं. त्यातल्या १११.३ कॅलरी वनस्पतींच्या हाती लागतात, म्हणजे हजारातला एक भाग. वनस्पती खाणाऱ्यांपर्यंत पोचतात १४.८, म्हणजे १३.३ टक्के. त्यांना खाणाऱ्यांची टक्केवारी निघाली २२.३. मेंडोटात हेच क्रमानं ८.७ आणि ५.५, आणि आणखी एक पायरी वर १३. यात दहा कुठं आहे? एकदाही नाही. उलट लिंडमनचा कयास असा होता की वरच्या पायऱ्यांवर ऊर्जा अधिक कसोशीनं वापरली जाते, म्हणजे टक्का वर जाताना वाढतो. स्थिर टक्क्याचा नियम त्यानं मांडलाच नाही. तरी स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत ‘दहा टक्क्यांचा नियम’ या प्रश्नासमोर नाव असतं लिंडमनचं.

हजार, शंभर, दहा ही उतरंड त्याच्या कितीतरी आधीची आहे. कार्ल सेंपर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८८१ सालच्या पुस्तकात हजार भाग वनस्पती, त्यावर शंभर भाग शाकाहारी, त्यावर दहा भाग मांसाहारी असा हिशेब मांडला होता. तो मोजलेला नव्हता, समजावून सांगायला धरलेला होता. सोपा आकडा आणि लिंडमनचं मोजमाप पुढे पाठ्यपुस्तकांत एकत्र नांदू लागले. नाव मोजणाऱ्याचं राहिलं आणि आकडा धरून चालणाऱ्याचा.

लिंडमननंतरचं मोठं काम हॉवर्ड ओडमचं. फ्लॉरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यांचा ऊर्जेचा ताळेबंद त्यानं १९५७ साली छापला. तिथं काचेच्या तळाच्या बोटींतून पर्यटक हिंडत आणि माशांना पाव टाकत. ओडमनं तो पावही जमेला धरला: वर्षाला दर चौरस मीटरमागे ४८६ किलोकॅलरी. त्याच हिशेबात टोकाच्या मांसाहारींच्या वाट्याला येतात २१. इतका प्रामाणिक ताळेबंद मी दुसरा पाहिला नाही.

दहा टक्क्यांना अगदीच निराधार म्हणायचंही कारण नाही. १९९५ साली डॅनियल पॉली आणि व्हिली क्रिस्तेन्सन यांनी ‘नेचर’मध्ये पाण्यातल्या ४८ परिसंस्थांच्या प्रतिमानांवरून सरासरी काढली. ती आली १०.१ टक्के. पण त्यात दोन-तीन टक्क्यांपासून वीसच्या वरपर्यंत सगळं होतं. वाघाबद्दल बोलतानाही दहा टक्के ऐकू येतात: उल्हास कारंत यांच्या अभ्यासानुसार एक वाघ वर्षाला साधारण पन्नास खुरी प्राणी मारतो आणि तेवढे पुरायला पाचशेंचा कळप लागतो. ते दहा टक्के वेगळे. ती प्राण्यांची कापणी आहे, ऊर्जेचं हस्तांतर नाही. दोन्ही दहांची गल्लत भाषणांत सर्रास होते.

आकड्यापेक्षा मला जास्त खटकतो तो गाळ. लिंडमनच्या चित्रात मधोमध असलेला गाळ मनोऱ्यात शिरलाच नाही. मनोऱ्याला पायऱ्या असतात आणि गाळाला पायरी नसते, तो प्रत्येक पायरीखाली असतो. त्यामुळे मुलांना वाटतं की गवत उगवतं ते खाल्लं जाण्यासाठीच. खरं तर जंगलात बहुतेक पाला जिवंतपणी कोणी खात नाही. तो गळतो, कुजतो आणि बुरशी, वाळवी, गांडुळं यांच्या पोटातून पुढे जातो. कोकणातल्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी खारफुटीत उभं राहिलं, तर खेकडे गळलेली पानं बिळात ओढताना दिसतात. खाडीतल्या माशांच्या संसाराचा मोठा भाग असा कुजक्या पाल्यावर उभा आहे. मनोऱ्यात त्याला चौकट नाही. विघटक असलेच तर समासात, एका बाणाच्या टोकाला.

नववीला विज्ञान शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती. मनोरा जरूर काढा, परीक्षेत तोच येणार. पण शेजारी सीडर बॉगचे १३.३ आणि २२.३, मेंडोटाचे ८.७, ५.५ आणि १३ हे आकडेही लिहा, आणि मनोऱ्याखाली एक जाड पट्टी रंगवून प्रत्येक पायरीवरून तिच्याकडे बाण काढा. पट्टीवर ‘गाळ’ एवढंच लिहिलं तरी पुरे. यासाठी कोणी गुण कापणार नाही.